एकाच वारेवरची जुळी: सोनोग्राफीतून गुंतागुंत वेळेत कशी ओळखावी

जुळे आहे हे कळल्यावर घरातले पहिल्यांदा विचारतात ते बाळे सारखी दिसतील का. तपासणाऱ्याने मात्र सर्वप्रथम दोघांची वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन, एवढेच ठरवायचे असते. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेल्या जुळ्यांचे प्रमाण जगभर साधारण दर हजार बाळंतपणांमागे ३ ते ४ इतके आहे. हे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले तर प्रत्येक बाळाला स्वतंत्र वार आणि स्वतंत्र पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाले तर वार एक आणि पाण्याच्या पिशव्या दोन अशी रचना होते आणि सुमारे दोन तृतीयांश एकरूप जुळी याच प्रकारची असतात. त्याहून उशीर झाला तर पिशवीही एकच राहते. असे शंभरात एखाद्या वेळीच घडते. त्यामुळे जन्मानंतर हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश बाळांना या लेखातले बहुतेक धोके लागूच होत नाहीत. धोका चेहऱ्याच्या सारखेपणात नसून सामाईक वारेत असतो.

अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक गर्भारपणांत रक्ताची देवघेव दोन्ही बाजूंनी साधारण समतोल राहते आणि कोणाचेच काही बिघडत नाही. पण ती एकतर्फी होऊ लागली, किंवा वारेचा वाटाच एका बाळाला कमी आला, तर दुखणे सुरू होते. आईला यातले काहीच जाणवत नाही असा काळ बराच मोठा असतो. रक्तदाब ठीक, वजन ठीक, दोन्ही ठोके व्यवस्थित, आणि तरीही आत एका बाळाचे पाणी आटत चाललेले असू शकते. हे वेळेत दिसण्याचे साधन सोनोग्राफी हेच आहे, मात्र ती ठरलेल्या अंतराने आणि ठरलेल्या पद्धतीने झाली पाहिजे. पुढील माहिती जुळ्यांची वाट पाहणाऱ्या जोडप्यांसाठी आहे, तशीच तालुक्याच्या ठिकाणी अशा गर्भवतींची पहिली तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसाठीही आहे.

चौदाव्या आठवड्याआधी घ्यायचा निर्णय

वार एक की दोन, हे ठरवण्याची उत्तम वेळ ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस ही आहे. बाळाच्या मानेमागचे पाणी मोजणारा एनटी स्कॅन याच काळात होतो, त्यामुळे वेगळी खेप घालावी लागत नाही. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे चिकटतो त्या जागेवर प्रतिमा मोठी करून थांबावे. पडद्याच्या तळाशी वारेच्या उतींचे पाचरीसारखे टोक शिरलेले दिसले, तर त्याला लॅम्डा चिन्ह म्हणतात आणि ते दोन वारा असल्याचे सांगते. पडदा केसासारखा पातळ असून वारेला सरळ काटकोनात टेकलेला दिसला, तर ते टी चिन्ह होय आणि वार एकच आहे. नुसती ‘वार एकच दिसते’ ही नोंद पुरेशी नसते, कारण दोन स्वतंत्र वारा शेजारी शेजारी रुजल्या तर त्या एकजीव झाल्यासारख्या दिसतात. म्हणून निर्णय पडद्याच्या मुळाशी करावा आणि त्या जागेचे छायाचित्र फाइलमध्ये कायमचे ठेवावे.

याहून आधी, सहा ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी झालेली असेल, तर तो अहवाल जपून ठेवावा. जाड कडांच्या दोन स्वतंत्र पिशव्या त्या वेळी दिसल्या असतील तर वारा दोन आहेत, आणि एकाच पिशवीत दोन गर्भ असतील तर वार एक आहे. या टप्प्यावर हा फरक फार स्पष्ट दिसतो. चौदाव्या आठवड्यानंतर लॅम्डा चिन्ह हळूहळू पुसट होते आणि विसाव्या आठवड्याला पहिल्यांदा आलेल्या गर्भवतीत खात्रीने सांगणे अवघड असते. अशा वेळी अंदाजाने ‘दोन वारा’ असे लिहून मोकळे होणे मला सर्वांत धोकादायक वाटते. खात्री नसेल तर वार एकच आहे असे धरून पुढची सगळी देखरेख करावी, हा सर्वमान्य नियम आहे आणि तो पाळल्याने दोन-चार जादा सोनोग्राफींपलीकडे नुकसान होत नाही.

इतर देशांत दोन बाळांचे लिंग वेगळे दिसले तर त्यावरून वारा दोन असल्याचा निष्कर्ष काढतात. आपल्याकडे १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भलिंग सांगणे आणि सूचित करणे दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे हा मार्ग अहवालात येऊच शकत नाही. लॅम्डा आणि टी चिन्हांची नोंद आपल्या अहवालांत अधिक काटेकोर असायला हवी, याचे हेही एक कारण आहे.

आणखी एक गैरसमज टेस्ट ट्यूब उपचार घेतलेल्या जोडप्यांत आढळतो. दोन भ्रूण सोडले होते, तेव्हा वारा दोनच असणार, असे गृहीत धरले जाते. सोडलेल्या दोनांपैकी एकच रुजून त्याचेच विभाजन झालेले असू शकते, आणि एकच भ्रूण सोडल्यावरही जुळी होतात. उपचार कोणताही असो, पडदा पाहिलाच पाहिजे.

याच तपासणीत दोन्ही बाळांची लांबी मोजली जाते आणि गर्भारपणाचे आठवडे मोठ्या बाळाच्या लांबीवरून ठरवतात. लहान बाळावरून तारीख धरली तर त्याची खुंटलेली वाढ पुढे झाकली जाते. दोघांच्या लांबीत १० टक्के किंवा अधिक, अथवा मानेमागच्या पाण्याच्या मापात २० टक्के किंवा अधिक फरक असेल, तर हे गर्भारपण फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या आजारांच्या) तज्ज्ञांच्या नजरेखाली असावे.

बाळ ‘ए’ कोणते, हे पक्के करणे

पुढच्या प्रत्येक मापाचा अर्थ मागच्या मापाशी ताडूनच लागतो, आणि त्यासाठी बाळांची ओळख बदलता कामा नये. ‘बाळ ए’ आणि ‘बाळ बी’ एवढेच लिहिले की दुसऱ्या खेपेला दुसरा डॉक्टर जे आधी दिसेल त्याला ‘ए’ म्हणतो. मग मागच्या वेळी मागे पडलेले बाळ कागदावर अचानक पुढे गेलेले दिसते आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून पहिल्याच अहवालात बाळाची जागा लिहावी: आईच्या उजवीकडचे की डावीकडचे, वरचे की खालचे, आणि नाळ वारेच्या मध्याला जोडली आहे, कडेला आहे की पडद्यावर. पडद्यावर जोडलेली नाळ असलेल्या बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे ही नोंद ओळखीसाठीही कामाची आणि अंदाजासाठीही. फाइलच्या आतल्या बाजूला पेनाने काढलेली गर्भाशयाची साधी आकृती, तिच्यात दोन बाळे, मधला पडदा आणि दोन नाळांच्या जागा, एवढे असले तरी पुढच्या डॉक्टरचे काम निम्मे होते. जोडप्याने ही आकृती आवर्जून मागून घ्यावी.

दर पंधरा दिवसांनी, आणि का

वारा दोन असतील तर साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी पुरते. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि शंका आली तर आठवड्याला किंवा त्याहूनही लवकर. हे अंतर उगाच ठरलेले नाही. एका तपासणीत सर्व ठीक असताना दोन-तीन आठवड्यांतच गंभीर असंतुलन उभे राहू शकते, आणि त्यावरचा लेझर उपचार मुख्यतः १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यानच करता येतो. महिनाभराचे अंतर पडले तर रोगनिदान होते, पण उपचाराची वेळ निघून गेलेली असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी तपासणी चांगलीच आहे, पण या गर्भवतींना ती एकटी पुरत नाही; त्यांना मधली तारीख वेगळी द्यावी लागते. सरकारी रुग्णालयात गर्भवतीच्या तपासण्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत आणि त्यांत सोनोग्राफी येते, हे खर्चामुळे खेप चुकवणाऱ्या कुटुंबांना सांगायला हवे.

‘इतक्या वेळा सोनोग्राफी केल्याने बाळाला बाधा होईल’ ही भीती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. पहिल्या तीन महिन्यांत रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरचा वापर गरजेपुरता आणि थोडा वेळच करावा हा दंडक पाळला की, सामाईक वारेच्या जुळ्यांत सोनोग्राफी टाळण्याचा धोका ती करण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

पाणी आणि मूत्राशय: सर्वांत महत्त्वाची दोन मापे

सामाईक वारेवरील दर शंभर गर्भारपणांपैकी साधारण १० ते १५ मध्ये एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्ताचा एकतर्फी ओघ सुरू होतो. याला ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम म्हणतात आणि अहवालात ते टीटीटीएस असे येते. देणाऱ्या बाळाच्या शरीरात रक्ताचे आकारमान घटते, त्याला लघवी कमी होते आणि त्याच्या पिशवीतले पाणी आटते, कारण या वयात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनलेले असते. घेणाऱ्या बाळाला रक्त जास्त मिळते, लघवी जास्त होते, पाणी फुगते आणि हृदयावर ताण येतो. उपचार न झालेल्या गंभीर टीटीटीएसमध्ये बहुसंख्य बाळे दगावतात.

तपासणाऱ्याने प्रत्येक पिशवीत पाण्याचा सर्वांत खोल कप्पा स्वतंत्रपणे मोजायचा असतो. कप्प्यात नाळेचे वेटोळे किंवा हातपाय येता कामा नयेत आणि माप सरळ उभ्या रेषेत घ्यावे. एका बाळाच्या पिशवीत हे माप २ सेंटिमीटर किंवा कमी, आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या पिशवीत ८ सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर टीटीटीएसचे निदान होते. विसाव्या आठवड्यानंतर युरोपात वरची मर्यादा १० सेंटिमीटर धरतात, अमेरिकेत ८ च कायम ठेवतात. एकाच बाळाच्या पिशवीतली खूण पुरेशी नाही, दोन्ही अटी एकत्र लागतात. लहान बाळाचे पाणी कमी पण मोठ्याचे नेहमीसारखे असेल, तर ते बहुधा टीटीटीएस नसून पुढे सांगितलेला वाढीचा प्रश्न असतो, आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

एका गर्भासाठी वापरतात तो चार कप्प्यांच्या बेरजेचा निर्देशांक येथे निरुपयोगी आहे. एका बाजूचे आटलेले आणि दुसऱ्या बाजूचे फुगलेले पाणी बेरजेत एकमेकांना झाकते आणि आकडा छान येतो. त्याचप्रमाणे ‘लायकर ॲडिक्वेट’ (गर्भजल पुरेसे) एवढे दोनच शब्द जुळ्यांच्या अहवालात असतील, तर तो अहवाल मी अपूर्ण समजतो. एका वारेच्या जुळ्यांत दोन आकडे हवेत, शेजारी शेजारी.

दुसरे पाहायचे ते मूत्राशय. गर्भाचे मूत्राशय साधारण अर्ध्या तासाच्या अवधीत भरते आणि रिकामे होते, त्यामुळे एकदा दिसले नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. बाकीची मापे आटोपून पुन्हा तेथे यावे. रंगीत डॉपलर लावला की ओटीपोटात मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंनी नाळेच्या दोन धमन्या जाताना दिसतात. त्यांच्या मधल्या जागेत काळा गोलसर ठिपका आहे की नाही, एवढेच पाहायचे. पूर्ण तपासणीभर तो आलाच नाही तर देणाऱ्या बाळाची लघवी बंद झाली आहे.

येथे एक फसगत ठरलेली आहे. देणाऱ्या बाळाचे पाणी पूर्ण आटले की पडदा त्याच्या अंगावर घट्ट बसतो आणि दिसेनासा होतो. पडदा नाही, पाणी भरपूर, असे पाहून दोन्ही बाळे एकाच पिशवीत आहेत असा समज होतो. असे बाळ गर्भाशयाच्या भिंतीशी चिकटल्यासारखे एकाच जागी राहते. आईला कूस बदलायला सांगावी; बाळ वजनाने खाली सरकले नाही, भिंतीवर टांगल्यासारखे तिथेच राहिले, तर पडद्याने त्याला जखडले आहे असे समजावे.

टीटीटीएसची तीव्रता रुबेन क्विंटेरो आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडलेल्या पाच पायऱ्यांनी सांगतात. पहिल्या पायरीत पाण्याची तफावत आहे पण देणाऱ्याचे मूत्राशय दिसते. दुसरीत ते दिसत नाही. तिसरीत नाळेच्या किंवा यकृतातील डक्टस व्हेनोसस या शिरेच्या डॉपलरमध्ये गंभीर बिघाड आढळतो. चौथीत घेणाऱ्या बाळाच्या अंगात पाणी भरते. पाचवीत एक किंवा दोन्ही बाळे दगावलेली असतात. पायऱ्या एकेक करून चढल्या जातील असे मात्र नाही, पहिलीवरून थेट तिसरी गाठलेली दिसू शकते. पहिल्या पायरीला बहुधा जवळून निरीक्षण करतात आणि दुसरीपासून पुढे, २६ आठवड्यांच्या आत, लेझरने वारेवरच्या जोडवाहिन्या बंद करणे हा मुख्य उपचार आहे. हा उपचार मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांतच होतो, म्हणून पत्ता आणि फोन निदानाच्या दिवशी शोधण्याऐवजी सोळाव्या आठवड्यालाच फाइलवर लिहून ठेवावा. लेझरनंतर निदान एक बाळ वाचण्याचे प्रमाण साधारण ८० ते ९० टक्के आणि दोन्ही वाचण्याचे ६० ते ७० टक्के सांगितले जाते. वेळेत निदान झाले तर हाती येते ते हे, आणि म्हणूनच मी पाण्याच्या मापावर एवढा वेळ घालवला.

खूण याहूनही लवकर मिळू शकते. सोळा-सतरा आठवड्यांत पाण्याचा फरक वरील मर्यादेपर्यंत पोचलेला नसला तरी मधला पडदा सैल होऊन त्याला घड्या पडलेल्या दिसल्या, तर पुढची तपासणी पंधरा दिवसांनी न करता आठवड्याने करावी.

घरी लक्ष ठेवण्यासारखी एकच गोष्ट आहे. दोन-चार दिवसांत पोट एकदम ताणले, पाठीवर झोपणे अशक्य झाले, धाप लागू लागली किंवा पोट वारंवार कडक होऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. ‘जुळे आहे, पोट मोठे असणारच’ हे वाक्य अशा वेळी फार घातक ठरते.

पाणी सारखे, तरी रक्त असमान

काही वारांत जोडवाहिन्या इतक्या बारीक असतात की रक्त थेंबाथेंबाने एका बाजूला जात राहते. पाण्याचा फरक पडत नाही, पण आठवड्यांनंतर एक बाळ पांढरेफटक आणि दुसरे लालबुंद होते. एकाला ॲनिमिया आणि दुसऱ्याला पॉलिसायथेमिया (रक्त गरजेपेक्षा दाट होणे) अशा या साखळीला टॅप्स म्हणतात. आपोआप होणारा टॅप्स साधारण ३ ते ५ टक्क्यांत आढळतो आणि लेझर उपचारानंतरही काहींमध्ये उद्भवतो.

तो फक्त डॉपलरवर सापडतो. विसाव्या आठवड्यापासून प्रत्येक तपासणीत दोन्ही बाळांच्या मेंदूच्या मधल्या धमनीतील रक्ताचा सर्वोच्च वेग मोजावा. अहवालात हे माप एमसीए-पीएसव्ही या नावाने येते. रक्त पातळ असेल तर ते वेगाने धावते, दाट असेल तर सावकाश. माप धमनीच्या उगमाजवळ, ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह जवळपास एका रेषेत ठेवून, बाळ शांत असताना घ्यावे. कोन चुकला की आकडा कमी येतो आणि ॲनिमिया झाकला जातो. उदाहरणार्थ, २८ आठवड्यांना या वेगाचे मध्यमान सेकंदाला सुमारे ३७ सेंटिमीटर असते, आणि त्याच्या दीडपट म्हणजे ५५ च्या वर गेलेला आकडा ॲनिमियाची शंका उत्पन्न करतो. एका बाळाचा वेग दीडपटीच्या वर आणि दुसऱ्याचा मध्यमानापेक्षा बराच खाली असेल, तर टॅप्सचा विचार करावा. दोघांच्या वेगांतील अंतर जितके मोठे तितकी शंका बळकट. एकट्या बाळाचा आकडा सरासरीच्या आत असूनही जोडीत तो विचित्र असू शकतो, म्हणून दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहावेत. वारेच्या एका भागाचा जाडसर, पांढरट दिसणारा पट्टा आणि दुसऱ्याचा पातळ, काळसर पट्टा, किंवा घेणाऱ्या बाळाच्या यकृतात चमकणारे असंख्य ठिपके, या खुणा निदानाला पुष्टी देतात.

वजनातली तफावत

वारेचा वाटा असमान असेल तर एक बाळ मागे पडते. सामाईक वारेच्या १० ते १५ टक्के गर्भारपणांत असे होते. तफावत काढण्याची रीत सोपी आहे: मोठ्याच्या वजनातून लहानाचे वजन वजा करून, उरलेल्याला मोठ्याच्या वजनाने भागावे आणि शंभराने गुणावे. एका बाळाचे अंदाजी वजन ६२० ग्रॅम आणि दुसऱ्याचे ४८० ग्रॅम असेल तर फरक १४० ग्रॅम, म्हणजे सुमारे २३ टक्के. वीस टक्क्यांच्या वर गेले की तज्ज्ञांकडे पाठवावे. लहान बाळाचे वजन त्या आठवड्याच्या खालच्या १० टक्क्यांत असून तफावत २५ टक्के किंवा जास्त असली, की निवडक वाढरोध असे निदान होते. एका बाळाचे वजन खालच्या ३ टक्क्यांत असेल तर तेवढेच पुरे. सोनोग्राफीचे अंदाजी वजन थोडेफार चुकते, म्हणून एका आकड्यापेक्षा दोन-तीन खेपांतली चाल पाहावी.

पुढची पायरी म्हणजे लहान बाळाच्या नाळेतील धमनीचा डॉपलर. दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही प्रवाह पुढेच जात असेल तर तो पहिला प्रकार आणि त्यात परिणाम बहुधा चांगले असतात. प्रवाह सतत थांबलेला किंवा उलटा असेल तर तो दुसरा प्रकार आणि लहान बाळ खरोखर संकटात आहे. तिसरा प्रकार फसवा आहे: प्रवाह काही ठोके ठीक, मग थांबतो, पुन्हा ठीक होतो. दहा सेकंदांत छायाचित्र घेऊन पुढे गेलो तर तो सुटतो, म्हणून डॉपलरची पट्टी सावकाश चालवत थोडा जास्त वेळ पाहावे. या प्रकारात लहान बाळ अचानक दगावू शकते आणि मोठ्या, वरकरणी धष्टपुष्ट बाळाच्या मेंदूलाही इजा होऊ शकते.

क्वचित दिसणारे दोन प्रकार

पहिल्या तीन महिन्यांच्या अहवालात ‘एका बाळाचे ठोके नाहीत’ असे आले, आणि पुढच्या खेपेला तेच बाळ मोठे झालेले दिसले, तर ते मृत बाळ नाही. हृदय नसलेल्या गर्भाला दुसरे बाळ आपल्या हृदयाने रक्त पुरवते आहे, अशी ही ट्रॅप नावाची स्थिती असते. त्या गर्भाच्या नाळेच्या धमनीतले रक्त डॉपलरवर उलट, म्हणजे त्याच्याकडे जाताना दिसते. पुरवठा करणाऱ्या बाळाच्या हृदयावर ताण येतो, म्हणून लगेच तज्ज्ञांकडे जावे. पडदाच नाही अशी एकाच पिशवीतील जुळी असतील, तर दोन्ही नाळांची गुंतागुंत जवळजवळ ठरलेलीच असते. नाळेच्या एका गुंत्यावर डॉपलर धरला की दोन वेगवेगळ्या वेगांचे ठोके ऐकू येतात. अशा बाळांचे सिझेरियन ३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान करण्याची शिफारस आहे.

या सगळ्यांच्या सोबतीला नेहमीच्या तपासण्या आहेतच. अवयवांची सविस्तर तपासणी १८ ते २० आठवड्यांच्या आसपास करावी आणि सामाईक वारेच्या जुळ्यांत हृदयाचे दोष अधिक आढळत असल्याने हृदयाची सोनोग्राफी स्वतंत्रपणे करून घ्यावी. त्याच खेपेला गर्भाशयमुखाची लांबी योनिमार्गातून मोजावी; ती २५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढलेला असतो.

एक बाळ दगावले तर

हा भाग लिहायला जड जातो, पण तो माहीत असणे आवश्यक आहे. सामाईक वारेत एक बाळ गेले की दुसऱ्याचे रक्त जोडवाहिन्यांतून त्याच्याकडे ओढले जाऊ शकते आणि काही क्षणांतच दुसऱ्याचा रक्तदाब कोसळतो. दुसरे बाळही दगावण्याची शक्यता साधारण १५ टक्के आणि वाचलेल्या बाळाच्या मेंदूला इजा होण्याची सुमारे २५ टक्के धरली जाते. इजा झालेली असेल तर ती त्या क्षणीच झालेली असते. त्यामुळे केवळ घाबरून दिवस भरण्याआधी सिझेरियन केल्याने सहसा फायदा होत नाही, उलट बाळ अपुऱ्या दिवसांचे होते. वाचलेल्या बाळाच्या मेंदूच्या मधल्या धमनीचा वेग मोजून ॲनिमिया आहे का ते पाहावे, आणि चार ते सहा आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय करावा, कारण इजेच्या खुणा दिसायला तेवढा काळ लागतो.

माहेरी जाताना, आणि बाळंतपणाच्या दिवशी

सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून माहेरी जाण्याची पद्धत या गर्भवतींच्या बाबतीत थोडी वाकवावी लागते. नवीन गाव म्हणजे नवे यंत्र, नवा डॉक्टर आणि तपासणीत पडलेला तीन-चार आठवड्यांचा खंड. जायचेच असेल तर निघण्यापूर्वी तिथल्या तपासणीची तारीख ठरवावी, सगळे मूळ अहवाल, पडद्याचे ते पहिले छायाचित्र आणि बाळांच्या जागांची आकृती सोबत न्यावी. आधार कार्डासारखे ओळखपत्रही जवळ ठेवावे, कारण गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला पीसीपीएनडीटी कायद्याखालचा फॉर्म एफ भरला जातो. बाळंतपणासाठी निवडलेल्या ठिकाणी दोन अपुऱ्या दिवसांच्या बाळांची एकाच वेळी सोय आहे का, हे सोनोग्राफीइतक्याच काळजीने विचारावे.

सर्व काही सुरळीत असलेल्या, एक वार आणि दोन पिशव्यांच्या गर्भारपणात ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचनांनुसार ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर बाळंतपण करावे असे सुचवतात. गुंतागुंत असेल तर ही वेळ डॉपलर आणि वजनाच्या चालीवरून अलीकडे येते, आणि तो निर्णय फीटल मेडिसिन तज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. जन्मानंतर दोन्ही बाळांचे हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासावे. दोघांत दर डेसिलिटरमागे ८ ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर शेवटच्या आठवड्यांत टॅप्स झालेला असण्याची दाट शक्यता असते, आणि पांढरे पडलेल्या बाळाला रक्त द्यावे लागू शकते, तर लालबुंद बाळाचे रक्त पातळ करावे लागू शकते. वार टाकून देण्यापूर्वी ती एक होती की दोन, हे पडद्याच्या थरांवरून पाहून बाळांच्या कागदावर नोंदवून ठेवावे.